जमीन नावाचा कॉन्स्टंट

प्रोग्रॅमिंग शिकताना पहिल्याच आठवड्यात दोन शब्द कानावर पडतात, व्हेरिएबल आणि कॉन्स्टंट. जे बदलू शकतं ते व्हेरिएबल. जे बदलणार नाही असं आपण ठरवून टाकलेलं असतं ते कॉन्स्टंट. यातला 'आपण ठरवून टाकलेलं' हा भाग फार महत्त्वाचा आहे, पण तो आपण लगेच विसरतो.

मंडळी, आपल्या सगळ्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा कॉन्स्टंट कुठला? पगार नाही, नोकरी तर नाहीच नाही. तो म्हणजे जमीन! गावाकडच्या सातबाऱ्यावर गुंठ्यापर्यंत क्षेत्र लिहिलेलं असतं, फ्लॅटचं लोन वीस वर्षांचं असतं, आणि या सगळ्यात एक गोष्ट कुणी लिहीतसुद्धा नाही, कारण ती गृहीतच असते: जमीन आहे तिथेच राहणार. 'पायाखालची जमीन सरकली' हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे, भूगोल नाही.

या लेखात मला एवढंच सांगायचंय की तो भूगोलही आहे, आणि तसं न मानता आपण सध्या काही फार महागडे निर्णय घेतोय.

२६ डिसेंबर २००४. रविवार, सकाळचे साडेसहा वाजायला एखाद मिनिट कमी. सुमात्राच्या पश्चिमेला समुद्राखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामी हा शब्द आपल्या घराघरात पोचला तो त्या दिवशी. चौदा देशांत मिळून सुमारे २ लाख ३० हजार माणसं गेली. एकट्या भारतातले मृत दहा हजारांच्या वर. ते आकडे, ते व्हिडिओ आपल्याला आठवतात. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली, तिची चर्चा खूपच कमी झाली. भारताचा नकाशा बदलला.

ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाला इंदिरा पॉइंट आहे, भारतीय भूमीचं अगदी शेवटचं टोक. तिथे १९७२ साली सुरू झालेलं एक दीपगृह आहे. भूकंपाआधी ते जमिनीवर होतं, भूकंपानंतर समुद्रात. दीपगृह जागचं हललं नाही, त्याच्याखालची जमीनच सुमारे सव्वाचार मीटर खाली गेली. म्हणजे साधारण दीड मजला! ट्रिंकेट नावाच्या छोट्या बेटाचे तुकडे झाले. पोर्ट ब्लेअरच्या बाजूला जमीन साधारण मीटरभर खचली आणि सिप्पीघाटच्या भातशेतीत भरतीचं खारं पाणी येऊन राहिलं. आणि त्याच वेळी, त्याच भूकंपात, उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर नेमकं उलटं झालं. तिथली जमीन मीटरभर, काही ठिकाणी त्याहून जास्त, वर आली. जे प्रवाळ कायम पाण्याखाली होते ते उघडे पडले आणि उन्हात मरून पांढरे झाले. नॉर्थ सेंटिनेल बेटाचा किनारा रुंद झाला. खारफुटीचं तर दोन्हीकडे मरण. निकोबारात ती बुडून मेली, उत्तर अंदमानात भरतीचं पाणी पोचेना म्हणून मेली.

एकाच भूकंपात एक टोक वर आणि दुसरं खाली, हे कसं काय? हा भाग जरा नीट बघू, कारण पुढचं सगळं यावर आहे.

भारताचा भूपट्ट तिथे वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने शेजारच्या पट्ट्याखाली सरकत असतो. सरकत असतो म्हणजे, सरकायला बघत असतो. प्रत्यक्षात दोघांमधला सांधा घट्ट अडकलेला असतो. खालचा पट्टा आत जाताना वरच्या पट्ट्याची कड आपल्याबरोबर खाली ओढत नेतो, त्यामुळे त्या कडेच्या मागचा भाग हळूहळू फुगून वर येतो. टेबलाच्या कडेला प्लास्टिकची फूटपट्टी धरून टोक खाली दाबा, ती मध्येच कमानीसारखी होते ना, तसंच. ही ओढाताण शेकडो वर्षं चालते. मग एक दिवस सांधा सुटतो. दाबलेली कड उसळून वर येते, आणि फुगलेला भाग धपकन खाली बसतो. २००४ मध्ये हा सांधा सुमात्रापासून अंदमानपर्यंत १२०० किलोमीटरहून जास्त लांबीवर सुटला, आणि हे सगळं आठ-दहा मिनिटांत उरकलं. उत्तर अंदमानचा पश्चिम भाग कडेजवळ होता, म्हणून वर आला. निकोबार बेटं मागच्या बाजूला होती, म्हणून खाली गेली. समुद्रतळाची कड उसळली तेव्हा तिच्यावरचं पाणीही उचललं गेलं, तीच त्सुनामी.

शाळेत आपल्याला शिकवतात की पृथ्वी फार हळू बदलते, लाखो वर्षं लागतात. हे चूक नाही, पण सरासरी आहे. आणि सरासरी काय काय लपवते ते डेटावर काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. 'वर्षाला काही सेंटिमीटर' ऐकून आपल्याला वाटतं की रोज थोडं थोडं चाललंय. खरं तर सांध्यावर शेकडो वर्षं जवळपास शून्य, आणि मग काही मिनिटांत दहा-पंधरा मीटर. पृथ्वी रिअल टाइम अपडेट देत नाही. ती बॅच जॉब चालवते. आणि जॉब कधी लागणार ते आपल्या कॅलेंडरवर नसतं.

आता त्सुनामी आणि जमिनीचं खचणं यातला फरक. लाट येते, नासधूस करते आणि परत जाते. तीही जाताना भूगोल बदलून जाते: आचेच्या किनाऱ्यावरची वाळू खरवडून नेली, महाबलीपुरमजवळ वाळू हलल्यामुळे जुन्या अवशेषांचा माग लागला आणि पुढे पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केलं. थायलंडच्या फ्रा थोंग बेटावर संशोधकांनी खड्डे खणले तेव्हा २००४ च्या वाळूच्या थराखाली तसाच आणखी एक थर सापडला, सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचा. म्हणजे लाट आपली सही करून जाते, वाचणारा हवा. पण वाळू पुन्हा जमा होऊ शकते. ग्रेट निकोबारच्या गलाथिया खाडीतली पुळण २००४ ला गेली, नंतरच्या वर्षांत पुन्हा तयार झाली आणि चामडी पाठीची महाकाय समुद्रकासवं तिथे अंडी घालायला परत आली. खचलेली जमीन मात्र अशी परत येत नाही. ती पुन्हा फुगेल, पण तिच्या वेळापत्रकाने, तुमच्या-माझ्या नाही.

हे आपल्यासाठी नवीन आहे असंही नाही. १६ जून १८१९ ला कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. रणाच्या सपाट जमिनीत ८०-९० किलोमीटर लांबीचा, काही ठिकाणी सहा मीटर उंचीचा उंचवटा उभा राहिला. सिंधूच्या जुन्या फाट्यावर माणसांनी बंधारे घातले होते, हा मात्र कुणी घातला नव्हता, म्हणून लोकांनी नाव दिलं अल्लाह बंद. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला आणि आजूबाजूला सरोवर झालं. पुढे १८२६ च्या पुराने नदीनेच तो बांध फोडला. भूशास्त्राचा पाया घालणाऱ्या चार्ल्स लायेलने आपल्या ग्रंथात हे उदाहरण सविस्तर दिलंय. म्हणजे जमीन डोळ्यादेखत बदलते याचा जगाला दाखवायचा पुरावा आपल्याकडचा, आणि विसरलोही आपणच.

याउलट जपान बघा. ११ मार्च २०११ च्या भूकंपात ओशिका द्वीपकल्प पाच मीटरहून जास्त पूर्वेला सरकलं आणि सव्वा मीटरच्या आसपास खचलं. इशिनोमाकी बंदरात त्सुनामी ओसरल्यावरही रोजच्या भरतीचं पाणी रस्त्यावर येत राहिलं. मग जपानने काय केलं? देशभरची मोजणी ज्या बिंदूपासून होते तो टोकियोतला मूळ बिंदूच पुन्हा मोजला. तो २७ सेंटिमीटरहून जास्त पूर्वेला गेला होता आणि उंची मोजायचा मूळ बिंदू २४ मिलिमीटर खाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नियम बदलून नवे आकडे लागू केले. कॉन्स्टंट बदलला हे मान्य केलं आणि सगळीकडे अपडेट केला. मला हे फार आवडतं. यात शौर्य वगैरे काही नाही, फक्त प्रामाणिकपणा आहे. अर्थात मान्य केल्याने जमीन थांबत नाही. १ जानेवारी २०२४ ला नोटो द्वीपकल्पाचा किनारा काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर आला. मासेमारीची बंदरं कोरडी पडली, होड्या चिखलात बसल्या. बंदराला समुद्र खूप जवळ आला तरी संकट, आणि लांब गेला तरी संकटच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ज्या गलाथिया खाडीबद्दल वर लिहिलं, तिथेच कंटेनर वाहतुकीचं महाकाय बंदर उभारायचं ठरलंय. सोबत विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवं शहर. एकूण क्षेत्र सुमारे १६६ चौरस किलोमीटर, त्यात १३० चौरस किलोमीटरच्या आसपास जंगल. सुरुवातीचा अंदाज ७२ हजार कोटींचा. २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. २०११ च्या जनगणनेत बेटावर आठ हजारांच्या आसपास लोक होते, योजना पुढच्या काही दशकांत साडेतीन लाखांची आहे.

प्रकल्पाच्या बाजूचे मुद्दे मी वाचलेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. मलाक्काच्या सामुद्रधुनीचं तोंड तिथून जवळ आहे. आपले कंटेनर कोलंबो आणि सिंगापूरला जाऊन पुढच्या जहाजावर चढतात, तो पैसा बाहेर जातो. संरक्षणाचा प्रश्नही खरा आहे. भूकंपाबद्दल उत्तर असं असतं की २००४ एवढा भूकंप कित्येक शतकांतून एकदा होतो, म्हणजे आता लगेच धोका नाही.

इथे मला थांबायचंय. एक तर 'कित्येक शतकं' ही पुन्हा सरासरीच. त्याच सांध्याचा शेजारचा तुकडा २००४ नंतर तीनच महिन्यांत, २८ मार्च २००५ ला, ८.६ तीव्रतेने सुटला आणि नियास बेटाचा किनारा दोन-अडीच मीटर वर आला. दुसरं, बंदराला मारायला ९ तीव्रताच लागते असं नाही. जहाज धक्क्याला लागतं तेव्हा धक्क्याची उंची आणि पाण्याची खोली यांचा हिशेब काटेकोर असतो, तिथे एक मीटर वर-खाली म्हणजे पूर्ण डिझाइन कोलमडलं. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: धोका म्हणजे फक्त शक्यता नव्हे. शक्यता गुणिले नुकसान. शक्यता तेवढीच राहिली आणि तिथली माणसं आठ हजारांची साडेतीन लाख झाली, तर धोका चाळीसपटीहून जास्त वाढला. भूकंपाने काहीच केलेलं नाही, आपणच केलंय.

आणखी एक गोष्ट आहे, ती एक्सेल शीटमध्ये बसत नाही. २००४ आधी ग्रेट निकोबारच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर निकोबारी लोकांची गावं होती. वाचलेल्यांना सरकारने कॅम्पबेल बेजवळ हलवलं. ते तेव्हापासून आपल्या मूळ गावी परत जाऊ द्या म्हणतायत. किनारा धोक्याचा म्हणून ज्यांना हलवलं, त्यांच्याच किनाऱ्यावर आता लाखोंची वस्ती चालणार असेल, तर मग धोका नक्की कुणासाठी होता? याचं उत्तर मला तरी कुठे मिळालेलं नाही.

कुणी म्हणेल, आता इशारा यंत्रणा आहे की. आहे, आणि चांगली आहे. हैदराबादचं केंद्र २००७ पासून काम करतंय. पण इशारा लाटेचा मिळतो, जमीन खचण्याचा नाही. आणि निकोबार सांध्याच्या इतकं जवळ आहे की तिथे हातात काही मिनिटंच असतात. एवढ्या वेळात वाचवते ती सवय. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण 'स्मोंग' या एका शब्दात पिढ्यान् पिढ्या सांगत आले. जमीन जोरात हलली की डोंगरावर पळायचं, बस्स. २००४ मध्ये सुमारे ७८ हजार लोकवस्तीच्या त्या बेटावर सात माणसं गेली. साडेतीन लाख नव्या लोकांच्या शहराला ही आठवण कोण देणार? तिथे सगळेच बाहेरून आलेले असणार.

मुंबई-पुणेवाल्यांनी 'आपल्याला काय त्याचं' म्हणायच्या आधी एक तारीख: २७ नोव्हेंबर १९४५. मकरानच्या किनाऱ्याजवळ ८.१ चा भूकंप झाला, ओरमारा इथे किनारा सुमारे दोन मीटर वर आला, आणि लाट मुंबईपर्यंत येऊन माणसं घेऊन गेली. मुंबईची जमीन त्या सांध्यापासून लांब आहे, ती अशी खचणार नाही. पण भराव टाकून समुद्रात पुढे सरकताना आपण ती तारीख कुठे धरतो का?

माझी मागणी 'काहीच बांधू नका' अशी नाही. बंदर बांधायचं तर ते किती मीटर खचणं किंवा उचलणं सोसेल, तो आकडा जाहीर करा. जीपीएस आणि भरतीच्या नोंदी सगळ्यांना बघायला खुल्या ठेवा. बंदराला लागतील तेवढीच माणसं किनाऱ्याजवळ ठेवा, शहर वसवू नका. आणि निकोबारींना आधी विचारा, नंतर कळवू नका.

असो. सव्वाचार मीटर खाली गेलेलं ते दीपगृह गलाथिया खाडीपासून हाकेच्या अंतरावर नसलं, तरी त्याच बेटावर आहे. प्रकल्पाच्या प्रत्येक बैठकीत त्याचा एक फोटो टेबलावर ठेवावा असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?