यंत्राचे थोरपण

यंत्राचे थोरपण त्याच्या बळावरून मोजण्याची लोकांना सवय असते. ट्रॅक्टर पाहिला, की तो किती हॉर्सपॉवरचा आहे, हाच प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. हा प्रश्न गैर नाही. परंतु तो अपुरा आहे. बळ तर महापुरातही असते. बळाला वळण लावून ते माणसाच्या हिताला जुंपणे, यातच बुद्धीची कसोटी लागते. नांगर ट्रॅक्टरला कसा जोडावा, या एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाची हकीकत पाहिली, म्हणजे या म्हणण्यातील तथ्य ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये वाफेच्या इंजिनाने नांगरट होऊ लागली. ही इंजिने इतकी अवजड असत, की ती शेतात चालवली तर जमीन दडपून जाई. म्हणून ती शेताच्या कडेला उभी करीत आणि तारेच्या दोराने नांगर ओढून घेत. असा खर्चाचा व्यवहार लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातला नव्हता. पुढे १८९२ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात जॉन फ्रोलिक याने पेट्रोलच्या इंजिनावर पुढे आणि मागे चालणारा ट्रॅक्टर तयार केला. १९१७ साली हेन्री फोर्डच्या कारखान्यातून 'फोर्डसन' बाहेर पडू लागला. तो आकाराने लहान आणि किमतीने स्वस्त असल्यामुळे लाखोंनी खपला. सामान्य शेतकऱ्याच्या दारात यंत्र आले ते त्याच्यामुळे.

तथापि या ट्रॅक्टरमध्ये एक जीवघेणा दोष होता. गाडीमागे ओंडका बांधावा, तसा नांगर त्याच्या मागे जोडलेला असे. फाळ एखाद्या दगडात अडकला, की नांगर जागीच थांबे. इंजिन मात्र थांबत नसे. मागची चाके पुढे सरकू शकत नसल्यामुळे इंजिनाचे सारे बळ ट्रॅक्टरलाच फिरवू पाही. त्याचे तोंड वर उचलले जाई आणि पाहता पाहता तो मागे उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर पडे. अनेक शेतकरी अशा रीतीने मृत्युमुखी पडले. बैल अडला की थांबतो, कारण त्याला अडचण कळते. यंत्राला ती कळत नाही; तिची जाणीव माणसानेच यंत्रात घालावी लागते.

ही जाणीव यंत्रात घालणारा पुरुष म्हणजे हॅरी फर्ग्युसन. १८८४ साली आयर्लंडमधील डाउन परगण्यात एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. शेतीपेक्षा यंत्रांची ओढ त्याला अधिक होती. १९०९ सालच्या अखेरच्या दिवशी त्याने स्वतः बनवलेले विमान उडवून दाखवले. पहिल्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्याची टंचाई पडली, तेव्हा १९१७ साली आयर्लंडच्या कृषी मंडळाने ट्रॅक्टरचे काम सुधारण्याची कामगिरी त्याच्याकडे सोपवली. शेतोशेत हिंडताना त्याला दिसून आले, की दोष एकट्या ट्रॅक्टरचा नाही आणि एकट्या नांगराचाही नाही. दोष त्या दोघांच्या जोडणीत आहे. ट्रॅक्टर अधिक जड करावा, असे इतर लोक म्हणत. फर्ग्युसनला हा उपाय पटला नाही. कारण जड यंत्र महाग पडते, इंधन अधिक खाते आणि जमीन तुडवते. १९२६ साली त्याने आपल्या कल्पनेचे पेटंट मिळवले आणि पुढे दहा वर्षे तो ती सुधारीत राहिला.

अखेरीस सिद्ध झालेली रचना तीन लोखंडी दांड्यांची आहे: दोन खाली आणि एक वर. खालचे दांडे नांगर ओढतात. माती नांगराला अडवू लागली, की नांगर पुढे कलू पाहतो आणि वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो. त्यामुळे ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाण्याऐवजी खाली दाबले जाते. नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि हलका ट्रॅक्टरही जमीन घट्ट धरतो. वरच्या दांड्यावरचा रेटा वाढला, की तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक रचना नांगर किंचित वर उचलते. माती मऊ लागली, की पुन्हा खाली सोडते. दगड फारच मोठा असेल तर चाके जागच्या जागी फिरतात, पण ट्रॅक्टर उलटत नाही. जे काम पूर्वी लोखंडाच्या वजनावर सोपवले होते, ते येथे बुद्धीने केले.

१९३८ साली फर्ग्युसनने हे प्रात्यक्षिक फोर्डला दाखवले आणि दोघांनी केवळ हातात हात देऊन करार केला. तो पुढे मोडला व प्रकरण न्यायालयात गेले; पण जोडणी टिकली. १९४६ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे फर्ग्युसनचा लहान, करड्या रंगाचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. एक टनाहून थोडेच अधिक वजन असलेल्या याच जातीच्या ट्रॅक्टरांना पट्टे चढवून एडमंड हिलरी आणि त्याचे सोबती ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. भारतातही १९५९ पासून ट्रॅक्टरांची निर्मिती सुरू झाली. आज महाराष्ट्रातील शिवारात उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे हेच तीन दांडे दिसतात.

यंत्रामुळे अनर्थही होतात, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खोटा नाही. अमेरिकेच्या सपाट प्रदेशात ट्रॅक्टरांनी अफाट गवताळ जमीन उलथून टाकली. १९३० नंतरच्या दशकात दुष्काळ पडला, तेव्हा मोकळी झालेली माती वाऱ्याबरोबर उडाली आणि हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. यंत्राने शेतमजुरांच्या हातचे काम हिरावले, हेही खरे आहे. परंतु यावरून यंत्र टाकून द्यावे, असे ठरत नाही. माणसाची आणि मातीची काळजी ज्यात नाही, ती सुधारणा अपुरी आहे, एवढेच त्यावरून ठरते.

ही काळजी एकदा घेऊन संपतही नाही. फर्ग्युसनच्या जोडणीने नांगरताना मागे उलटण्याचा धोका टळला. उतारावर कुशीवर कलंडण्याचा धोका उरलाच. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर चालवणाऱ्याचे रक्षण करणारी भक्कम चौकट बसवणे कायद्याने सक्तीचे केले आणि तेथील मृत्यू पुष्कळ घटले. चौकटीने ट्रॅक्टरचे बळ तिळमात्र वाढले नाही. तरीही ती मोठी सुधारणा मानली पाहिजे.

म्हणून यंत्र वापरणाऱ्याचेही एक कर्तव्य ठरते. कारागिराने घातलेली जाणीव आपल्या निष्काळजीपणाने वाया घालवू नये. ट्रॅक्टरवर बसण्याची जागा चालवणाऱ्यासाठी असते; मडगार्डवर मुलांना बसवून शेतात किंवा रस्त्यावर नेणे, ही हौस जिवावर बेतू शकते. अशा वेळी मोठ्यांच्या आग्रहालाही नम्रपणे नकार देणारा मुलगा भित्रा नव्हे. यंत्राचा खरा धर्म त्यालाच कळला, असे म्हटले पाहिजे.