उडीची जात
भिंती-कठडे ओलांडत पळायच्या खेळाला पार्कूर म्हणतात. पॅरिसजवळच्या लीसमध्ये डेव्हिड बेल आणि त्याच्या दोस्तांनी वाढवला. नाव फ्रेंच फौजेच्या अडथळ्यांच्या कवायतीवरून. २०१८ साली जागतिक जिम्नॅस्टिक्स महासंघानं तो आपला म्हटला. म्हणू द्या!

पण नांदगाव स्टेशनात मालगाडी आडवी उभी राहिली की मी दप्तर पाठीवर टाकून कपलिंगवरून शाळा गाठायचो. एकदा कुंपणावरून उडी घेतली. 'कुठल्या वस्तीतला रे?' सांगितलं, आणि काठी बसली. माझ्याआधी उडालेलं वाड्यातलं पोर हसत घरी गेलं.

आता गोदीत ओल्या शिडीवर रोज तोल सांभाळतो. शहरातल्या पोरांनो, महागडे बूट घाला, खुशाल उडा. फक्त सांगा, तुमच्या उडीला कुणी वस्ती विचारतं का? माझ्या पोटरीवर व्रण अजून आहे.