एकाच मनोऱ्याचं कॅथेड्रल

पणजीहून जुन्या गोव्याला जाताना मी मुद्दाम रायबंदरची बस धरली. मोठ्या रस्त्याने लवकर पोहोचता येतं. पण एकटीने काढलेला दिवस होता, वेळेचा हिशेब कुणाला द्यायचा नव्हता. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं आणि मधून १६३४ साली पुरा झालेला दगडी बांध. जवळजवळ चारशे वर्षं झाली, त्याच्यावरून बस अजून धावते.

से कॅथेड्रलमध्ये शिरले तेव्हा आत तिघेचौघेच होते. ७६ मीटर लांबीच्या त्या वास्तूत आपल्या चपलांचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा जिंकला तो २५ नोव्हेंबर १५१०, सेंट कॅथरिनच्या सणाचा दिवस. म्हणून हे कॅथेड्रल तिच्या नावाचं. मुख्य वेदीवरच्या सोनेरी चौकटींत तिचीच कथा कोरलेली आहे. बाकावर बसून ती एकेक चौकट बघत राहिले. तासभर तरी गेला असेल.

बाहेर हिरवळीवर आलं की दर्शनी बाजूचं अपुरेपण डोळ्यांत भरतं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा उभा राहिला नाही. तोवर शहरच ओसरत चाललं होतं. हिवताप आणि पटकीने माणसं नेली, उरलेली नदीकाठाने पश्चिमेला सरकली. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. घरं गेली, बाजार गेला, चर्चेस राहिली. उरलेल्या मनोऱ्यात ती प्रसिद्ध सोन्याची घंटा आहे. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, काळात शिक्षा जाहीर होण्याच्या दिवशी ती वाजे, असं सांगतात. ते आठवलं की त्या मनोऱ्याकडे नुसतं कौतुकाने बघवत नाही.

बॉम जेझू चर्चमध्ये गर्दी होती, तिथे मी फार थांबले नाही. टेकडीवरचा सेंट ऑगस्टिनचा भग्न, ४६ मीटर उंच मनोरा दुपारच्या उन्हात तांबडालाल दिसत होता. त्याच्या सावलीत डबा खाल्ला.

पण मी खरी आले होते फादर स्टीफन्ससाठी. हे इंग्लंडमधल्या विल्टशायरचे. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघाले, ऑक्टोबरात गोव्याला पोहोचले. आयुष्याची पुढची चाळीस वर्षं त्यांनी याच मुलखात, बहुतेक साष्टीत, काढली. इथली भाषा शिकले, आणि कशी शिकले! अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ त्यांनी मराठीत रचलं. १६१६ मध्ये ते राशोलला छापलं गेलं, रोमन लिपीत. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटलं. ऐकणाऱ्याच्या कानाला कोणता शब्द आपला वाटेल हे या परदेशी माणसाला कळलं होतं. भाषा मनापासून आवडल्याशिवाय हे होत नाही, असं माझं ठाम मत आहे. १६१९ मध्ये ते वारले. याच साली कॅथेड्रलचं बांधकामही संपलं. म्हणजे त्यांचं इथलं सगळं आयुष्य ही इमारत उभी राहत असतानाच गेलं.

पुढे १६८४ मध्ये फर्मान निघालं: लोकांनी तीन वर्षांत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. जी सत्ता अशा ओव्या छापू देत होती, तीच सत्तर वर्षांच्या आत त्या ओव्यांची भाषा तोंडातून काढून घ्यायला निघाली. मला या गोष्टीचा आजही राग येतो.

उन्हं कलल्यावर पुन्हा कॅथेड्रलसमोर येऊन बसले. पिशवीतून ‘ख्रिस्तपुराण’ काढलं आणि हळू आवाजात वाचायला लागले. ओवी घरात ऐकलेली, त्यामुळे चाल आपोआप लागली. शेजारी गवतावर बसलेल्या एक वयस्क बाई माळ ओढता ओढता थांबल्या, थोडं ऐकलं आणि कोंकणीत विचारलं, "हें कोणें बरयलां?" मी सांगितलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, देवनागरी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि परत देत म्हणाल्या, "आनीक वाच."

मनोऱ्यातली संध्याकाळची घंटा झाली तेव्हा आम्ही दोघी गप्प बसलो. ती थांबल्यावर मी पुढची ओवी घेतली.