खेळाचे उद्दिष्ट आणि खेळणारे मूल

या सदराच्या वाचकांना माझ्या सायंकाळच्या फेरीची वाट एव्हाना पाठ झाली असेल. रायपुरातील तात्यापाऱ्यातून निघून बूढातालाबाच्या काठाने एक चक्कर मारावी आणि परतताना आमच्या गल्लीतील काकूंच्या ओसरीवर घटकाभर टेकावे, हा माझा परिपाठ. नोकरीवर जाणाऱ्या आईबापांची लहान मुले काकू दिवसभर सांभाळतात; शेजारची छत्तीसगढी कुटुंबे त्या घराला झूलाघर म्हणतात, आम्ही पाळणाघर म्हणतो. या आठवड्यात तेथे जे पाहिले त्याने मन इतके उद्विग्न झाले की लिहावयास घेतलेला दुसरा विषय बाजूला सारणे भाग पडले.

झाले ते असे. एका मुलाच्या सुशिक्षित आणि निःसंशय प्रेमळ पालकांनी काकूंना एक छापील तक्ता आणून दिला होता. त्यात सोमवार ते शनिवार असे उभे रकाने, प्रत्येक रकान्यात वीस-वीस मिनिटांचे खंड, प्रत्येक खंडापुढे ‘सूक्ष्म स्नायूंचा विकास’, ‘संख्यापूर्व संकल्पना’, ‘भाषिक अभिव्यक्ती’ अशी उद्दिष्टे नमूद केलेली, आणि तळाशी रोजचा शेरा लिहिण्यास मोकळी जागा. मी पोहोचलो तेव्हा साडेतीन वर्षांचा तो मुलगा ओसरीच्या पायरीवर बसून पितळी लोट्यातील पाणी नरसाळ्यातून बाटलीत ओतीत होता. बाटली भरून पाणी ओघळू लागले की तो थबके, बाटली उजेडाकडे धरून पाही, अर्धे पाणी लोट्यात परत ओती आणि पुन्हा आरंभ करी. तेवढ्यात त्या खंडाची मुदत संपली. काकूंनी नाइलाजाने त्याच्या हातातील नरसाळे काढून घेतले आणि रंगीत चित्रांचे पत्ते त्याच्यापुढे मांडले, कारण तक्त्यात त्या वेळी रंगांची ओळख लिहिलेली होती. मुलाने पत्त्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो रडत राहिला. ‘रंग ओळखण्यात रस दाखवला नाही’ असा शेरा काकूंना लिहावा लागला, आणि लिहिताना त्यांचा चेहरा एखाद्या अपराध्यासारखा झाला होता.

त्या मुलाच्या हातून त्या पायरीवर काय चालले होते, याचा विचार कोणी करावयाचा? मनगट किती वळवले म्हणजे धार बारीक होते, मोठ्या लोट्यातले सारे पाणी लहान बाटलीत का मावत नाही, उंच बाटली आणि बसका लोटा यांत अधिक कशात मावते, या प्रश्नांशी ते मूल कोणाच्याही सूचनेवाचून झुंजत होते. आणि मधूनमधून ‘भरलं’, ‘सांडलं’, ‘अजून थोडंसं’ असे आपल्याशीच पुटपुटत होते. स्नायूंचा विकास त्यात होता, परिमाणाची जाणीव त्यात होती, भाषा त्यात होती, आणि फसलेले काम चिडून टाकून न देता पुन्हा हाती घेण्याचा तो दुर्मिळ गुणही त्यात होता. तक्त्यातील निम्मी उद्दिष्टे त्या पायरीवर आपण होऊन चालत आली होती, आणि तक्त्याच्याच आज्ञेने आपण त्यांना उठवून लावले.

उद्दिष्टे ठरवणाऱ्यांवर माझा राग नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर ऑक्टोबर 2022 मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात पंचकोशांच्या आधाराने तेरा अभ्यासक्रमीय ध्येये मांडली आहेत आणि शिक्षणाचा मार्ग म्हणून खेळालाच अग्रस्थान दिले आहे. 2024 मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘आधारशिला’ हा तीन ते सहा वर्षांचा अभ्यासक्रम आणि तीन वर्षांहून लहान मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आला. आमच्या छत्तीसगढ सरकारनेही 5 सप्टेंबर 2022 रोजी पाच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाड्यांची योजना सुरू केली. या सर्व उपक्रमांत खेळाला जागा आहे. वरून निघालेला विचार खाली उतरेपर्यंत त्यातील खेळ गळून जातो आणि रकाने तेवढे शिल्लक राहतात, हे माझे दुःख आहे.

खेळाचा विषय निघाला म्हणून सांगतो. पोळ्याच्या आधी गोलबाजारात मातीच्या खेळण्यांची दुकाने लागतात, त्यांविषयी मी पूर्वी या सदरात लिहिले होते. तेव्हा जे सांगावयाचे राहिले ते आज सांगणे प्राप्त आहे. त्या दुकानांत मुलांसाठी नंदिया बैल असतो आणि मुलींसाठी मातीचे जाते, चूल आणि चुकिया, म्हणजे इवली मडकी. बैलाच्या पायांना भोके असतात. त्यांतून काडी ओवून तिच्या दोन्ही टोकांना मातीची चाके बसवावयाची. काडी वाकडी असली तर बैल एका अंगाला ओढतो, चाक सैल असले तर दोन पावलांवर निखळून पडते. चार वर्षांचे पोर ती काडी काढते, घासते, उलटी घालून पाहते. यंत्रशास्त्राचा याहून चांगला पहिला धडा मला ठाऊक नाही, आणि तो आमच्या कुंभारांनी कोणत्याही आराखड्याची वाट न पाहता घरोघर पोहोचता केला आहे.

चूल-चुकियांचे तर विचारूच नका. काकूंच्याच अंगणात गेल्या पोळ्याला एक मुलगी तीन बाहुल्यांना ‘भात’ वाढीत होती. भात म्हणजे वाळू. तिने तिन्ही चुकियांत सारखी वाळू घातली, इतक्यात शेजारचा एक पोरगा येऊन पंगतीत बसला. ‘एक झन अऊ आगे,’ म्हणजे आणखी एक जण आला, असे म्हणून तिने कपाळाला हात लावला, तिन्ही चुकियांतून थोडी थोडी वाळू काढली, चौथीत घातली, मग चारही शेजारी शेजारी ठेवून डोळे बारीक करून पाहिले आणि एकीतली चिमूटभर दुसरीत टाकली. समान वाटपाची ही क्रिया शाळेत पुढे भागाकार म्हणून येईल; येथे ती पाहुणा उपाशी राहू नये या चिंतेतून आली होती. अक्तीला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, येथील मुले पुतरा-पुतरीचे लग्न लावतात, तेव्हाही वऱ्हाडी कोण, मांडव कोठे, रुसलेल्याची समजूत कोणी घालावयाची, हे सारे मुलेच ठरवतात. आपल्या मराठी घरांतील भातुकली याच कुळातली. इतके समृद्ध साहित्य दाराशी असता आपण बाजारातून पत्त्यांचे संच का आणावेत?

ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या सहकार्याने भावनगरला बालशिक्षणाचे काम केले आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. माँटेसोरीचे महागडे साहित्य खेड्यातील बालवाडीला परवडणारे नव्हते. म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातील वस्तूंतून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शिक्षणसाधने घडविली. वस्तीवरील आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; हीच अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र गुंफणारी विकासवाडी चालविली. ताराबाई 1973 मध्ये निवर्तल्या. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हळूहळू देशभर पोहोचली. मूल जेथे आहे तेथे जावयाचे आणि ते ज्यात रमले आहे तेथून शिक्षणाचा आरंभ करावयाचा, हा क्रम त्या दोघींनी कधी उलटा होऊ दिला नाही.

मग पाळणाघरात नियोजन नकोच का? अवश्य हवे. नियोजन म्हणजे उद्या ओसरीवर काय मांडून ठेवावयाचे याची तजवीज. काकूंकडे दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंतची मुले एकाच वेळी असतात, तेव्हा एकच साहित्य प्रत्येकाच्या वयाला झेपेल असे मांडावे लागते. पाणी, लोटे आणि गाळणी सर्वांना चालतात, मात्र बादलीजवळ मोठे माणूस क्षणभरही नसून चालत नाही. चिंचोके चार-पाच वर्षांच्या मुलांना जोड्या लावण्यास उत्तम. परंतु तीन वर्षांहून लहान मूल ते नाकातोंडात घालते, म्हणून त्याला त्या वेळी झाकणाचे डबे आणि कपड्यांचे मोठे चिमटे द्यावेत. मांडून झाल्यावर बाईंनी जवळ बसावे, हाक आली तर उत्तर द्यावे, एरवी पाहावे. मुले घरी गेल्यावर वहीत प्रत्येकाविषयी दोन ओळी लिहाव्यात: काय केले, काय बोलले, कोठे अडले. मग उद्दिष्टांची यादी उघडावी आणि त्या ओळींत कोणते उद्दिष्ट आले ते पाहावे. आठवडाभरात एखाद्या मुलाच्या बाबतीत एखादे उद्दिष्ट आलेच नसेल, तर पुढच्या आठवड्यात त्याला पोषक अशी वस्तू त्याच्या वाटेत ठेवावी. यादीचा खरा उपयोग इतकाच, आणि तो थोडा नव्हे.

या कामाला डोळस माणूस लागते, आणि त्याला उसंत लागते. जिच्यावर स्वयंपाक, शी-शू, दुपारची झोप आणि पालकांचे फोन या साऱ्यांचा भार आहे, त्या बाईकडून आपण बालमानसशास्त्राची नोंदवही मागतो आणि महिन्याच्या अखेरीस मोबदल्याच्या बाबतीत घासाघीस करतो. हा अन्याय आहे, आणि तो सुशिक्षित घरांतून होतो याचे मला अधिक वाईट वाटते.

सबब ज्यांची मुले पाळणाघरात जातात त्या तरुण आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे. तक्ता देण्यापूर्वी एक सकाळ तेथे बसून आपले मूल खेळताना पाहा. घरी आल्यावर ‘आज काय शिकलास?’ असे न विचारता ‘आज काय खेळलास?’ असे विचारा आणि उत्तर संपेपर्यंत ऐका. आणि सांभाळणाऱ्या बाईंना मदतीला आणखी एक माणूस ठेवता येईल इतका मोबदला द्या. तुमच्या तक्त्यातील बहुतेक उद्दिष्टे त्या एका तजविजीने साधतील.