आयडिया कुठल्या दुकानात मिळते?

मीटिंग संपते. क्लायंट उठता उठता ते जगप्रसिद्ध वाक्य टाकतो, ‘‘काहीतरी हटके हवंय हं!’’ तुम्ही मान डोलावता, डेस्कवर येता, कॉफीचा मग बाजूला सरकवता आणि ब्राउझर उघडता. बिहान्स, ड्रिबल, पिंटरेस्ट... एकामागून एक टॅब. दीड तासात चाळीस स्क्रीनशॉट्स एका फोल्डरमध्ये जमा. फोल्डरचं नाव अर्थातच ‘इन्स्पिरेशन’. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डिझाइन तयार. छान असतं, स्वच्छ असतं आणि त्या चाळिसांतलंच एक्केचाळिसावं असतं!

ही काही चोरी नव्हे. दुसऱ्यांचं चांगलं काम बघायलाच हवं, त्याशिवाय नजर तयार होत नाही. गायक मैफली ऐकतात, आपण साइट्स बघतो. अडचण वेगळीच आहे. या गॅलऱ्यांमध्ये आपल्याला फक्त उत्तरं दिसतात. प्रश्न काय होता, वापरणारा कोण होता, कशाची टंचाई होती, हे त्या देखण्या चित्रात कुठेच नसतं. मग आपण दुसऱ्याच्या पेपरातलं उत्तर आपल्या पेपरात उतरवतो आणि प्रश्नपत्रिका मात्र निराळीच निघते.

पूर्वी हे खपून जायचं. आता एआयच्या टूलमध्ये एक ओळ टाइप करा, मिनिटभरात होमपेजचे चार-पाच नमुने हजर. आधी झालेल्या असंख्य डिझाइन्सवर पोसलेलं हे यंत्र ‘सगळ्यांसारखं छान’ काम आपल्यापेक्षा लवकर आणि स्वस्तात करतं. म्हणजे आपणही तेच करणार असू, तर क्लायंटनं आपल्याला पैसे का द्यायचे? प्रश्न थेट पोटावर येणारा आहे बॉस! म्हणूनच ज्यांच्या कामाची आजही आठवण निघते, त्यांना आयडिया कुठे सापडल्या ते बघू या.

एक हजार चोवीस ठिपके

सुरुवात सुझन केअरपासून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅपलमधल्या अँडी हर्ट्झफेल्ड या शाळेतल्या मित्राचा तिला फोन आला, तेव्हा ती एका संग्रहालयासाठी रानडुकराचं पूर्णाकृती धातुशिल्प वेल्डिंग करत होती. कलेच्या इतिहासात पीएचडी झालेली ही बाई. कॉम्प्युटरशी संबंध जवळपास शून्य. काम काय, तर नव्या मॅकिंटॉशसाठी छोटी छोटी चित्रं काढायची. जागा किती? ३२ बाय ३२ ठिपके, म्हणजे एकूण १,०२४. रंग दोनच, काळा आणि पांढरा.

तिनं चौकटीची वही विकत आणली आणि एकेक चौकोन भरत सुटली. बघायला दुसऱ्या कॉम्प्युटरवरचे आयकॉन्स फारसे नव्हतेच. पण मोझॅक आणि भरतकाम तिनं आधी केलेलं होतं आणि पिक्सेलचं काम त्याच जातीचं आहे हे तिच्या लगेच लक्षात आलं. ठरलेल्या चौकटी, त्यात भरायचे ठिपके, आणि लांबून बघितलं की चित्र. ज्यांच्या घरी ठिपक्यांची रांगोळी निघते, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला, तेव्हा सुरू होताना हसणारा छोटा कॉम्प्युटर, रंगाची बादली, कचऱ्याचा डबा हे सगळं त्या वहीतून पडद्यावर आलं होतं.

त्यातला एक किस्सा तर भन्नाट आहे. मेन्यूमध्ये शॉर्टकटसाठी आधी सफरचंदाचाच लोगो जिथे-तिथे वापरला होता. स्टीव्ह जॉब्ज वैतागला, एवढी सफरचंदं कशाला? दुसरं चिन्ह शोधा! सुझननं चिन्हांचा एक कोश चाळायला घेतला. त्यात तिला चार कोपऱ्यांना वेटोळी असलेला चौकोन सापडला. स्वीडनमध्ये बघण्यासारखी जागा दाखवणाऱ्या पाट्यांवर ते चिन्ह असतं. झालं! रस्त्यावरची पाटी कीबोर्डवर आली. मॅकच्या कमांड बटणावर ती आजही आहे. आणि सुझनच्या त्या वहीची पानं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत.

पूल बांधणारा माणूस

दुसरा माणूस युगो नाकामुरा. वेबवर फ्लॅशचा जमाना होता, तेव्हा या जपानी डिझायनरची पानं बघून भलेभले थक्क व्हायचे. त्याच्या साइटवर माउस हलवला की गोष्टी नुसत्या सरकायच्या नाहीत. त्यांना वजन असल्यासारखं वाटायचं. ओढलं की ताणल्या जायच्या, सोडलं की झुलत झुलत जागेवर यायच्या. हे आलं कुठून? तर हा गडी वेबकडे वळण्याआधी पुलांचं डिझाइन करायचा. भार, ताण, लवचिकता ही त्याच्या रोजच्या कामातली मंडळी. जॉन माएदाचं काम पाहून कॉम्प्युटरवर असंही काही करता येतं हे त्याला उमगलं, पण हालचालीची जाण त्यानं स्वतःच्या जुन्या धंद्यातून सोबत आणली होती.

२००७ मध्ये युनिक्लो या कपड्यांच्या ब्रँडसाठी झालेलं ‘युनिक्लॉक’ हे त्याच्या चमूचंच काम. जाहिरात सगळ्या जगाला दाखवायची, मग भाषा कुठली वापरायची? त्यांनी भाषेला जवळजवळ रजाच दिली. पडद्यावर चालू घड्याळ, मध्येच पाच सेकंद नाचणाऱ्या मुली, अंगात अर्थातच युनिक्लोचे कपडे, पुन्हा घड्याळ. सोबत संगीत. वेळ काय झाली हे टोकियोत कळतं आणि ठाण्यातही. बस! २००८ मध्ये कान महोत्सवात या साध्या घड्याळानं टायटॅनियम ग्रां प्री पटकावलं.

आता गंमत बघा. ज्या फ्लॅशवर हे सगळं उभं होतं, तो ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं बंद केला. फ्लॅशमधली असंख्य कामं ब्राउझरमधून दिसेनाशी झाली. इंटरनेट अर्काइव्हनं त्यातली काही रफल नावाच्या प्रोग्रॅमच्या मदतीनं जपून ठेवली आहेत, ती बघता येतात. ज्यांनी तेव्हा फक्त फ्लॅशचे इफेक्ट्स उचलले, त्यांची शिदोरी त्या दिवशी संपली. वजन, ताण, वेळ यांचा विचार ज्यांनी उचलला, त्यांना नव्या टूलवर काम सुरू करायला कितीसा वेळ लागणार?

बर्फ पडला, सगळीकडे!

उलट काय होतं, तेही बघू. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं ‘स्नो फॉल’ ही मोठी बातमीकथा वेबवर टाकली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात त्याच वर्षी फेब्रुवारीत हिमकडा कोसळून तीन स्कीपटू गेले, त्याची ही गोष्ट. वाचत खाली गेलं की डोंगर आपल्यासमोर फिरतो, उतार दिसतो, बर्फ कुठून सुटला ते कळतं. कित्येक महिने मोठी टीम त्यावर राबत होती. जॉन ब्रँच या लेखकाला २०१३ चं पुलित्झर मिळालं.

मग काय, जगभरातल्या न्यूजरूम्समध्ये ‘आपणही एक स्नो फॉल करू या’ सुरू झालं. ब्रँड्सना चेव आला. खाली सरकताना मागचं चित्र हळू, पुढचं जोरात, मजकूर कुठूनतरी उडत येतोय, हे गृहप्रकल्पापासून टूथपेस्टपर्यंत सगळ्यांना हवंसं झालं. मूळ कथेत डोंगर फिरत होता, कारण कोण कुठे उभा होता हे कळल्याशिवाय ती दुर्घटनाच कळली नसती. टूथपेस्टमध्ये कसला आलाय डोंगर? वाचणाऱ्याचा अंगठा मात्र दुखायचा आणि मोबाइल तापायचा.

आपल्या अक्षरांचं काय?

उतरवलेल्या उत्तराचा सर्वात जास्त फटका कुणाला बसतो माहितीये? आपल्या मराठी साइट्सना. इंग्रजीतलं देखणं लेआउट समोर ठेवायचं आणि त्यात देवनागरी ओतायची, हा सर्रास चालणारा प्रकार. इंग्रजी मथळ्यात अक्षरांमध्ये थोडी हवा सोडली की तो पॉश दिसतो. तेच देवनागरीला केलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. इंग्रजीतली ओळींमधली जागा जशीच्या तशी ठेवली, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. इंग्रजीत ठसवून सांगायचं तर सगळी कॅपिटल अक्षरं; आपल्याकडे कॅपिटल हा प्रकारच नाही. मग ठसवायचं कसं? जाडीनं, आकारानं, रंगानं, जागेनं. म्हणजे इथे प्रश्नच वेगळा आहे आणि उत्तर आपल्यालाच शोधावं लागणार.

शोधायला आपल्याकडे खजिना आहे की! कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी मराठी नाटकांची नावं वर्षानुवर्षं रंगवली. वर्तमानपत्रातला एवढासा चौकोन, छपाई काळी-पांढरी, शेजारी दहा नाटकांच्या जाहिराती. तरी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ ही अक्षरं बघितली की नाटकाचा बाज कळतो. लोगो छोट्या पडद्यावर कसा ओळखू यावा, हे शिकायला यापेक्षा चांगला क्लास कुठला? कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठीचा ‘मंगल’ फॉन्ट घडवला. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट तर फुकट मिळतात, कुणीही वापरावेत.

आणि घरच्या भिंतीकडे बघा. कालनिर्णय! १९७३ पासून एका चौकोनात तारीख, तिथी, नक्षत्र, सण, संकष्टीचा चंद्रोदय, वर सुट्टीचा लाल रंग. एवढी माहिती एका घरात बसवूनही आजीला आणि नातवाला आपापलं हवं ते पटकन सापडतं. गिचमिड डॅशबोर्ड सुधारायचा असेल, तर दहा परदेशी डॅशबोर्ड्स बघण्याआधी अर्धा तास या पानासमोर उभे राहा. कुठलं अक्षर मोठं, कुठलं बारीक, लाल कुठे आणि का, हे वहीत टिपून घ्या.

तर मग करायचं काय?

ब्राउझर उघडण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. वापरणारा कोण? तो कुठे आणि कसल्या घाईत आहे? त्याला सगळ्यात आधी काय कळायला हवं? मग हाच प्रश्न दुसऱ्या कुठल्या धंद्यात कुणी सोडवलाय ते शोधा. समजा, हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटची साइट करताय. घाबरलेला माणूस, हातात मोबाइल, दोन सेकंदांत उत्तर हवं. लोकलचा इंडिकेटर आठवा! गाडी कुठली, स्लो की फास्ट, किती डब्यांची, किती मिनिटांत. धावता धावता वाचता येतं. तुमचा पहिला स्क्रीन तिथेच आहे.

गॅलऱ्या बंद करायची गरज नाही. फक्त प्रत्येक स्क्रीनशॉटखाली एक ओळ लिहायची सवय लावा, ‘हे असं का केलं असेल?’ उत्तर सुचलं, तर तो स्क्रीनशॉट कामाचा. नाही सुचलं, तर डिलीट. फोल्डर चाळीसवरून सातवर येईल, पण ते सात तुमचे असतील.

आणि स्वतःहून एक बंधन घाला. २००३ मध्ये कॅनडाच्या डेव्ह शेनं ‘सीएसएस झेन गार्डन’ नावाची साइट सुरू केली. अट एकच, एचटीएमएलमधल्या एका अक्षरालाही हात लावायचा नाही, फक्त सीएसएस बदलायचं. जगभरातल्या डिझायनर्सनी त्याच मजकुराची दोनशेहून जास्त वेगवेगळी रूपं केली. साइट अजून चालू आहे, जरूर बघा. मजकूर तोच, पण एक पान दुसऱ्यासारखं दिसत नाही. दोनच रंग, एकच फॉन्ट, एकही फोटो नाही, अशी काहीतरी अट पुढच्या कामावर घालून पाहा. डोकं आपोआप पळायला लागतं.

क्लायंटला पटवायचं कसं, हा प्रश्न उरतोच. ‘अमुक साइटसारखं करून द्या’ असा हट्ट असेल, तर भांडू नका. शांतपणे विचारा, ‘‘त्यातलं तुम्हाला नेमकं काय आवडलं?’’ बऱ्याचदा उत्तर येतं, ‘‘त्यांचा नंबर लगेच सापडतो हो!’’ म्हणजे त्याला ती साइट नकोच होती, त्याचा फोन वाजायला हवा होता. हे एकदा कळलं की काम तिथूनच सुरू करा.