मनू गोखले आणि लक्ष्मीबाई टिळक

बाभुळगावहून पुण्याला शिकायला गेलेले आमचे काही विद्यार्थी सुट्टीत परततात ते आपली वऱ्हाडी बोली दडवूनच. अशा वेळी आम्हांस लक्ष्मीबाई टिळक आठवतात. पती ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याकडे गेल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. गाव नवे, समाज नवा. सोवळे मात्र एकाएकी सुटले नाही. ही ओढाताण, स्वतःच्या फजितीसकट, 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हसत सांगितली. माहेरच्या मनू गोखलेला कुठेही नाकारले नाही. देवाने आहे तसे स्वीकारले, मग स्वतःपासून लपायचे कशाला? 'स्मृतिचित्रे' शिकवताना विनोदाबरोबर हा आत्मस्वीकारही शिकवायला हवा, असे आम्हांस वाटते.