हायब्रिड मोटार : वेग की बचत?

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातील मोटारींची दालने हे आम्हा तरुणांचे मोठे आकर्षण. २०२५ च्या मेळ्यात तर वाहनकरात ५० टक्के सवलत होती. ‘हायब्रिड घेऊ, मग मिस्त्रीकडून ट्यून करून पळवू,’ असे बेत माझे काही मित्र करतात. माझ्या मते हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

आपल्या कन्नड मित्रांच्या कर्नाटकात, बिडदी येथे तयार होणारी टोयोटा हायरायडर पाहा. तिच्या हायब्रिड प्रकारात १.५ लिटरचे इंजिन सुमारे ९१ अश्वशक्तीचे. विद्युत मोटरसह एकूण शक्ती सुमारे ११४. इंजिनात हवा घेणारी झडप मुद्दाम उशिरा मिटते. त्यामुळे शक्ती घटते, पण पेट्रोल वाचते. इंजिन, मोटर व बॅटरी यांचा मेळ संगणक घालतो. एकट्या इंजिनाची शक्ती वाढवली की तो मेळ बिघडतो, शिवाय कंपनीची हमी जाण्याचा धोका. जुन्या गाडीप्रमाणे कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून येथे भागत नाही.

वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर येथे भांडवल बचतीत गुंतवलेले आहे. त्यावर वेगाचे व्याज मागू नये. विक्रेत्यांनी ही मर्यादा पैसे घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगावी. आणि मित्रहो, वेगच हवा असेल तर आपण दुसरी गाडी पाहावी. वडिलांचा पैसा ट्यूनिंगमध्ये घालवू नये.